केळवणाचा घास

मार्गशीर्षातली ती सांज हेमवर्णी होती. वारणाकाठच्या उसाला तुरे फुटले होते, रुपेरी, रेशीमस्पर्शी, वाऱ्याच्या नुसत्या चाहुलीनं लवणारे. गुऱ्हाळांचा मधुगंधी धूर शिवारावरून सरकत, नदी ओलांडत, कॉलेजच्या वसतिगृहापर्यंत येत होता. ऊन उतरत होतं आणि उतरता उतरता रेंगाळत होतं. इतक्या देखण्या संध्याकाळी कुणाचं मन मोडू नये. पण संध्याकाळ असलं काही बघत नाही.

गच्चीवर इंद्रजितचं केळवण होतं. इंद्रजित घोरपडे, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा, साऱ्या वसतिगृहाचा लाडका. पोरांनी हौसेनं घाट घातला होता. ताटाभोवती शेवंतीच्या पाकळ्यांची पीतशुभ्र वेल, वेलीच्या टोकाला समई, आणि समईच्या उजेडात शेजारी बसलेली त्याची होणारी बायको, शलाका. मोरपंखी साडी, लाजरं कपाळ, कौतुकानं भरून आलेले डोळे. फार गोड मुलगी होती.

वाढायला भरतेश मगदूम होता. तू इंद्रजितदादाचा सगळ्यात जवळचा, तूच वाढ, असं म्हणून पोरांनी श्रीखंडाचं पातेलं त्याच्या हाती दिलं होतं. तो वाढत होता. आतून जळत होता आणि वाढत होता.

कॉलेजात ‘सोबत’ नावाचा एक गट होता. ज्या मुलांना मुलं आवडतात, ज्या मुलींना मुली, ज्यांना आपलं शरीरच परकं वाटतं, अशा एकेका नवख्याला तिथं त्याच वाटेनं गेलेला एकेक जुना सोबती मिळे. दोघांतलं दोघांतच राही. इथलं बाहेर न्यायचं नाही, हा एकच नियम होता.

पहिल्या वर्षी भरतेश आला तेव्हा वाळून काडी झाला होता. अन्न गिळवत नव्हतं, आरशात बघवत नव्हतं. घाटाच्या पायरीवर इंद्रजित त्याच्या शेजारी बसला आणि साध्या आवाजात म्हणाला, मीही तसाच आहे. नदी वाहत होती, वाहतच राहिली. जग बुडालं नाही. त्या संध्याकाळी भरतेश पोटभर जेवला.

ते प्रेम नव्हतं. लोकांना लगेच तेच सुचतं. ते प्रेमाहून निराळं, काळोख्या जिन्यात कुणीतरी पुढं चालत असल्याचा दिलासा होता. पुढच्यानं पायरी सांगावी, मागच्यानं पाऊल टाकावं. भरतेशनं दोन वर्षं डोळे मिटून पावलं टाकली.

आणि याच दिवाळीत इंद्रजित म्हणाला होता, “घरी सांग. खोटं बोलून घरात राहण्यापेक्षा खरं बोलून बाहेर पडलेलं बरं. मी आहे ना.”

उपदेश करणाऱ्याचं काय जातं! भरतेशनं शिरोळच्या घरी, दिव्यांच्या ओळीत उभं राहून, आईला सांगितलं. दिवे विझले नाहीत, बोलणं विझलं. वडिलांनी त्याच्याकडे बघणं सोडलं. सुट्टीला येऊ नकोस, असा चुलत्याकडून निरोप आला. आता दिवस मावळायच्या आत आई मळ्यातून चोरून फोन करते. जेवलास का, एवढंच विचारते आणि ठेवून देते.

घर गेलं, पण दादा होता. आणि मग गेल्या आठवड्यात दादानं त्याला गाठलं, जिन्यात, खालच्या मानेनं. लग्न ठरलंय म्हणाला. घरचे ऐकत नाहीत म्हणाला. तिला काही माहीत नाही. आपलं आपल्यातच राहू दे, म्हणाला. भरतेशला घर गमावल्याचं जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. ज्याच्या शब्दावर उडी मारली, तो स्वतः काठावरच उभा होता, कोरडा, सुरक्षित, आणि आता मागं वळून घरी निघाला होता.

“नाव घ्या, नाव घ्या,” पोरांनी गिल्ला केला. इंद्रजित हसला, ताटाकडे बघत म्हणाला,

“चांदीच्या वाटीत केशराची काडी,
शलाकाचं नाव घेतो, जमली आमची जोडी.”

शिट्ट्या वाजल्या. गच्ची हसली, समई हसली, शेवंतीची पिवळी पाकळी न् पाकळी हसली. त्या हास्यकल्लोळात शलाका किंचित मागं कलली आणि श्रीखंड वाढणाऱ्या भरतेशला हळूच म्हणाली, “भावजी, तुम्ही यांचे सगळ्यात जवळचे. बाकी सगळे चांगलंच सांगतात. तुम्ही खरं सांगा, कसे आहेत हे?”

श्रीखंडाचा डाव हातातच राहिला.

एक वाक्य पुरे होतं. एका वाक्यानं ही मुलगी सुटली असती. एका वाक्यानं, जे शिरोळच्या घरात भरतेशचं झालं तेच इथं इंद्रजितचं झालं असतं, साऱ्या वसतिगृहासमोर. व्हावंच, असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं मान वर केली. इंद्रजित त्याच्याकडे बघत होता. घशाखाली घास न उतरणारा, वाळून काडी झालेला, जगाला भ्यालेला एक मुलगा त्या डोळ्यांतून बघत होता. भरतेश त्या मुलाला चांगला ओळखत होता.

“चांगले आहेत,” भरतेश म्हणाला.

इंद्रजितनं सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. तो सुटकेचा होता, आणि त्यात शरम नव्हती.

“मग झालं,” शलाका निर्धास्त हसली. “तुमच्या शब्दावर जाते हं मी.”

तिनं घास उचलला, केशरी, मऊ, वेलचीगंधी. काकणं किणकिणली. ज्योत थरथरली, सावरली. इंद्रजितनं तोंड उघडलं, घास घेतला, आणि गच्चीभर टाळ्यांचा पाऊस कोसळला. कोसळत राहिला, ओसरत राहिला, आणि सगळ्यात शेवटी थांबलेले दोन हात, श्रीखंडानं चिकट झालेले, भरतेशचे होते.