काविळीची माळ

खराडीच्या आयटी पार्कमागच्या वस्तीत कावीळ झाली की लोक दवाखान्यात जात नसत, चंद्रभागाबाईंकडे जात. त्या पुनर्नवेच्या काड्या दोऱ्यात गुंफून माळ करून देत आणि एक पैसाही घेत नसत. माळ डोक्यावर ठेवायची. ती वाढत गळ्यात आली, पोटापर्यंत उतरली, की कावीळ उतरली. माळ असेपर्यंत सुई मात्र टोचायची नाही, नाहीतर माळ बाटते.

त्या सकाळी दीपमाला पोळ्या लाटत होती. तिची पूर्णिमा गणवेश घालून बसली होती, पण डबा नको म्हणाली. दीपमालाने तिची पापणी ओढून पाहिली. डोळे हळदीसारखे पिवळे.

"दवाखान्यात नेते हिला."

"कशाला?" सासू इंदुबाई म्हणाल्या. "मागं शिबिरवाल्यांनी समद्या लेकरांचं रक्त तपासलं, तवा काय म्हनले? बहुतेकांना ही कावीळ होऊन गेलेली हाय, कित्येकांना कळलंबी न्हाई. मग? मेलं का कुनी?"

खरंच होतं ते. अर्धंच ऐकलेलं खरं. शिबिरातला डॉक्टर पुढे पाण्याबद्दल बोलत होता, तेव्हा सगळे चहाकडे वळले होते.

"आई म्हणती तसं कर," म्हणून नवरा नागोराव वॉचमनच्या ड्यूटीवर गेला.

माळ घातली. माळ वाढू लागली. पोर उलट्या करू लागली, दिवसभर झोपू लागली. मग एका दुपारी तिने आईलाच शाळेतल्या बाई समजून "बाई, मी घरी जाऊ?" असं विचारलं.

"अगं, बेंबीपर्यंत आली माळ," इंदुबाई हरखून म्हणाल्या. "उतरली बघ कावीळ!"

दीपमालाने माळ काढून खुंटीला अडकवली आणि पोरीला उचलून रिक्षा गाठली. लिव्हर काम करेनासं झालंय, डॉक्टर म्हणाले. आधी का नाही आणलंत? त्या रात्री पूर्णिमा दवाखान्यातच गेली.

लोक भेटायला येत. दीपमाला चहा करी, कपबशा विसळी. रडू येत नव्हतं. एकदा तिची नजर खुंटीवर गेली.

"काय बघतीस?" नागोरावने विचारलं.

"माळ. किती लांब झाली बघा. कुणाच्या गळ्यात नसताना वाढली, अहो."

काड्या सुकल्या की दोरा सैल पडतो, एवढंच.

थोड्याच दिवसांत शेजारच्या शर्मिलाचा मुलगा पिवळा पडला. चंद्रभागाबाई माळ घालणार, तोच दीपमाला मध्ये उभी राहिली.

"घालू नका."

"अगं, आजवर किती लेकरं बरी केली मी!"

"ती बरी होणारच होती, मावशी. माझी आपोआप होणार नव्हती, आणि तिला आपण घरात बसवून ठेवलं."

म्हातारीने माळ खाली घेतली. दीपमाला शर्मिलाला आणि मुलाला दवाखान्यात घेऊन गेली. ही कावीळ घाण पाण्यातून येते, डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने वस्तीच्या नळाचं पाणी बाटलीत भरलं आणि पाण्याच्या ऑफिसात साहेबांच्या टेबलावर ठेवलं. पाइप गटारातून जातो, म्हणाली.

"अहो बाई, तुमच्याकडे हे सगळ्याच मुलांना होऊन जातं," साहेब म्हणाले. "त्याचं एवढं काय?"

"मग ही बाटली घरी न्या," दीपमाला म्हणाली. "तुमच्या नातवंडांना पाजा. त्यांनाही होऊन जाऊ दे."

साहेबांनी बाटलीला हात लावला नाही.