टेबलाच्या छातीतली चरबी

चमत्कारी बाबांनी खाटेवर झोपवलेल्या एका प्लंबरच्या उघड्या छातीवर कोमट तेल चोळलं, वर गार पाण्यात भिजवलेलं फडकं दाबलं आणि बोटांनी खरवडायला सुरुवात केली. बघता बघता पिवळट गोळे निघाले. सभागृहातले लोक उठून बघू लागले.

“हृदयाभोवतीची चरबी! ना चिरा, ना टाका!” बाबा गरजले. “डॉक्टर फोटो काढतात, आम्ही रोग काढतो!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसलेल्या प्लंबरच्या बायकोनेही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मात्र तिला धाकधूक वाटू लागली. डॉक्टरांनी नवऱ्याला बजावलं होतं, “हृदयाभोवती थोडी चरबी सगळ्यांनाच असते. ती फार वाढली की तिच्यातून धमन्यांना सूज आणणारे पदार्थ झिरपतात, धमनीत थर साचायला हातभार लागतो. तुमची एक धमनी बरीच अरुंद झालीय. गोळ्या चुकवू नका.”

“अहो, गोळ्या तरी चालू ठेवा.”

“अगं, जन्मभर तुंबलेले पाइप साफ केलेत मी. घाण बाहेर आली म्हणजे पाइप मोकळा! तू बघितलंस ना डोळ्यांनी?”

बघितलं होतं. गोळ्या कचऱ्यात गेल्या.

आठवड्याच्या आत, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात सिंकखाली काम करता करता हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला.

बाबांकडे गेला त्या दिवशीचं त्याचं तेलकट बनियन तिने कढत पाण्यात भिजवलं होतं. पाणी निवलं तेव्हा वर तेच पिवळट गोळे तरंगत होते. तिने एक नखाने दाबून पाहिला. मेण! गरम तेलात वितळलेलं, गार झालं की घट्ट होणारं साधं मेण. ती तिथेच बसून हमसून हमसून रडली.

मग ती बाबांच्या पुढच्या कार्यक्रमाला सभागृहात गेली. बाबांचं कोमट तेलाचं वाडगं उचलून तिने टेबलावर ओतलं, त्यांचंच गार फडकं दाबलं आणि खरवडलं. गोळे निघाले.

“या टेबलाला हृदय कुठाय, बाबा?”

“बाई, दुःखानं तुमचं डोकं फिरलंय.”

“फिरलं होतं, तेव्हा टाळ्या वाजवल्या. आता ठिकाणावर आलंय. या तेलात मेण आहे, लोकहो. घरी करून बघा. कुणी चमत्कार दाखवला की आधी तपासा, आणि औषधं सोडू नका.”

बाबा मागच्या दाराकडे सरकले. खाटेवर शर्ट काढून बसलेला माणूस कसंबसं म्हणाला, “ताई, माझ्या छातीत सकाळपासून दुखतंय. मी आता काय करू?”

तिने त्याचा शर्ट उचलून त्याच्या हातात दिला.

“दवाखान्यात चला. आत्ता. मी येते बरोबर. माझ्या माणसाला मी नेलं नाही.”