फादरचं परमोशन

आरं ऐका की गड्यांनो, तुमी उंब्रजची पोरं, तुमास्नी आमचं फादर रुमाव ठावं न्हाईत. मूळ वसईचं. पलूसच्या अलीकडं आमच्या गावात बारकं चर्च हाय, तितलं पाद्री. गावात किरिस्ताव घरं बोटावर मोजन्याइतकी, पर फादर समद्या गावाचं. रोज पहाटं कॅनॉलच्या कडंनं आमास्नी पळवायचं, आपुन सायकलवर, तोंडात शिट्टी. का, तर साताऱ्याला मिलिट्रीची भरती व्हती, आन मला काय बी करून लागायचंच व्हतं.

तर एक दिस फादरचा सैपाक करनारी धोंडुबाई पळतच पारावर आली. "आवं सुभेदार, ऐतवारी पुण्याचं बिशप येत्यात! फादरला व्हिकार जनरल करून घिऊन जानार हायत!"

सुभेदार म्हंजी आमचं हंबीरराव, एकाहत्तरची लढाई करून पेन्शनीत आल्यालं. त्यांनी मिशी वडली. "जनरल? एकदम?"

"तसला न्हाई वो! फादरच्या वर बिशप, त्येच्या वर आर्चबिशप, मग कार्डिनल, आन समद्यात वर रोमातलं पोप. व्हिकार जनरल म्हंजी बिशपचा उजवा हात."

"मंग परमोशनच की. आन परमोशन म्हंजी बदली!"

फादर गेलं म्हंजी माजी भरती बी गेली. म्या म्हनलं, "सुभेदार, परमोशन थांबत न्हाई व्हय?"

"थांबतंय की. वाईट रिमार्क पडला की लटकतंय. माजंच लटकलंतं."

झालं! ठरलं, फादरची तक्रार करायची.

ऐतवारी बिशप आलं. पांढरा झगा, बोटात अंगठी. किरिस्ताव मान्सं वाकून अंगठीचा मुका घ्याय लागली. सुभेदारांनी मेडलं लावल्याली, त्यांनी टाच आपटून कडक सलाम ठोकला. "साहेब, तक्रार हाय!"

फादर बघतच ऱ्हायलं.

"ह्यो मानूस शिस्तीचा न्हाई. पहाटं शिट्ट्या मारून अख्ख्या गावाची झोपमोड करतोय."

धोंडुबाई म्होरं झाली. "आन जेवत न्हाईत वो येळंवर! ताट वाढलं की कोन ना कोन दारात येतंय, मंग ताट त्येच्याच म्होरं सारत्यात. मी रांधायचं कुनासाठी?"

बिशपनी माझ्याकडं बघितलं. "तुझी काय तक्रार?"

म्या म्होरं सरकलो. म्हनलं, आता न्हाई तर कवाच न्हाई. "साहेब, फादर खोटं बोलत्यात! म्हनत्यात, आता शेवटचा चक्कर. आन त्यो कवाच शेवटचा नसतोय!"

"रोज?"

"रोज साहेब!"

फादरचं कान लालभडक. बिशपनी तोंडावर रुमाल धरला, तरी खांदं हलतच व्हतं. मंग म्हनालं, "सुभेदार, आमच्यात बढती मागायची नसते, आणि वरून हुकूम आला की नाही म्हणायचं नसतं. यांना कळवलं तेव्हा यांनी 'जशी आज्ञा' एवढंच म्हटलं. तुम्हा लोकांचं नाव घेताना मात्र आवाज बसला यांचा."

"पण एवढ्या तक्रारी असलेला माणूस मी पुण्याला नेऊ कसा? फादर, राहा इथंच. आधी वेळेवर जेवायला शिका."

आरं, गावानं अशी आरोळी ठोकली! धोंडुबाई पदरानं डोळं पुसाय लागली. सुभेदारांचं मात्र तोंड उतरलं. फादरम्होरं जाऊन म्हनालं, "फादर, माफी असावी. तुमचं परमोशन म्या घालवलं."

फादरनी त्यास्नी मिठीच मारली. मंग झग्याच्या खिशातनं शिट्टी काढली, आन माझ्याकडं बघून डोळं वटारलं. "खोटं बोलतो होय रे मी? चल, पळ. एकच चक्कर, शेवटचा."

बिशपची गाडी धुरळा उडवत गेली, तवा बी मी पळतच व्हतो गड्यांनो!