झऱ्यातल्या जिवाला गंगीचं नाव

केळापूरजवळच्या तांड्यातली अंजू आडे विद्यापीठात पाण्यातल्या जिवाणूंवर संशोधन करत होती. तांड्याखालच्या झऱ्यातून आणलेल्या पाण्यात एक नारिंगी जिवाणू वाढला आणि तो कुठल्याच माहीत असलेल्या प्रजातीशी जुळेना. जनुकं ताडून पाहिली, तर सगळ्यात जवळचा भाऊबंदही सत्त्याण्णव टक्क्यांवरच अडला; एकाच प्रजातीत हा आकडा याहून वर असतो.

अंजू हरखली, पण तिच्या मार्गदर्शक विमलताई सावध होत्या. "एका नमुन्यावर नवी प्रजाती म्हणू नकोस. प्रयोगशाळेतलाच एखादा जिवाणू शिरला असेल तर हसं होईल. पुन्हा मिळवून दाखव."

अंजूने दोनदा पाणी नेलं. नारिंगी ठिपका काही उगवला नाही. तिसऱ्या खेपेला ती झऱ्यापाशी हिरमुसून बसली, तेव्हा तिची आई गंगी सोबत होती.

"काय शोधून राह्यली वं तू?"

"नारिंगी रंगाचं काहीतरी, याडी. पहिल्यांदा सापडलं होतं."

"मंग वरच्या पाण्यात काहून पाह्यतं? ते दगडाखाली रायते. भांडे घासतानी बोटाले चिकटते मले."

गंगीने लुगडं खोचलं, गुडघाभर पाण्यात उतरून एक दगड उलटा केला. खालच्या अंगाला नारिंगी, बुळबुळीत थर होता. अंजूने तो खरवडून नळीत घेतला.

या वेळी ठिपके उगवले, जनुकंही आधीच्याशी तंतोतंत जुळली. मग वर्षभर तिने त्याची सगळी कुंडली मांडली: तो काय खातो, किती उष्णता सोसतो, जनुकांची पूर्ण रचना कशी आहे. जिवंत नमुने दोन देशांतल्या संग्रहांकडे रवाना झाले. शेवटी नाव ठरवायची वेळ आली.

"विदर्भाचं नाव दे," विमलताई म्हणाल्या.

"नको, ताई. माझ्या आईचं द्यायचंय. दगड तिनेच उलटला होता."

"दे. शोधणारीचंच नाव असावं."

शोधनिबंध छापून आला त्या आठवड्यात अंजू तांड्यावर आली. जिवाणूच्या वंशनामापुढचा 'गंगिए' हा लॅटिन वळणाचा शब्द तिने आईला मोबाइलवर बोटाने दाखवला.

"माह्या नावाचा जीव? साऱ्या जगात हेच म्हनतीन?"

"हेच. कायमचं."

गंगीने तो शब्द तीनदा म्हणवून घेतला. तेवढ्यात तिचा नवरा बाबूसिंग मोबाइल घेऊन तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर पोचलाही होता. "गंगाई, गंगाई!" तो सगळ्यांना सांगत होता.

गंगी दारातूनच ओरडली, "गंगाई नाही जी, गंगिए! नीट सांगा लोकायले!"