कसुंब्याची गाळणी

मित्रांनो, राजस्थानात बाडमेरकडच्या एका ढाणीत, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीत, खुंटीला टांगलेली मी लोकरीची जुनी गाळणी आहे. माझी हकीकत सांगण्याजोगी आहे की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

खंगारसिंहांच्या आईने मला मेंढीच्या लोकरीतून विणलं. पाहुणे आले की खलात अफू पाण्याबरोबर घोटायची आणि माझ्यातून गाळायची. खाली थेंब थेंब कसुंबा पडे. तो एकाने तळहातावर घ्यायचा, दुसऱ्याने तिथूनच प्यायचा. भांडणं अशीच मिटत. तळहात नाकारला, तर वैर कायम. "विष वर राहिलं, गोडवा खाली आला," म्हणून म्हातारे माझं कौतुक करत. खरं तर माझ्यात अडकायचा तो फक्त चोथा.

खंगारसिंहांचा मुलगा मूलसिंह अशाच बैठकांत अफूला लागला. पुढे ट्रक चालवताना पांढऱ्या पावडरीवर गेला. जोधपूरला उपचार घेऊन तो परतला, तेव्हा सोबत आलेल्या नर्सबाईंनी त्याच्या बायकोला, सुजानकंवरला, माझ्याकडे बोट दाखवून समजावलं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्येही एक गाळणी असते, हिच्याहून कितीतरी बारीक. पुष्कळ विषं ती बाहेरच अडवते. अफूचा अंश तिच्यातून हळूहळू झिरपतो. पावडरीत तोच अंश असतो, पण जणू तेलकट अंगरखा घातलेला. तो झटकन आत निसटतो आणि आत गेल्यावर अंगरखा उतरवतो. नशा जितकी लवकर पोचते, तितकी तिची पकड घट्ट. आणि आता शरीराची सवय मोडली आहे. पूर्वीइतकं घेतलं तर श्वासच थांबेल.

थोड्याच दिवसांत विहिरीवरून ज्यांच्याशी वाद होता, ते भीमसिंह समेटाला आले. वाद मूलसिंहानेच पेटवलेला, म्हणून भीमसिंहांच्या तळहातातला पहिला घोट त्याने घ्यायचा होता.

"गाळलेलं आहे रे, पावडर थोडीच आहे," खंगारसिंह म्हणाले.

मूलसिंहाची मान तळहाताकडे झुकू लागली. तेवढ्यात घुंघट घेतलेली सुजानकंवर गुळाच्या पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली आणि भिंतीकडे तोंड करून भीमसिंहांना म्हणाली.

"काकोसा, ही गाळणी विष अडवत नाही. यांच्या डोक्यातलीही आता अडवणार नाही. तुमच्या हातून गुळाचं पाणी पाजा."

खंगारसिंहांचा चेहरा काळवंडला. भीमसिंहांनी मात्र तळहात उलटा केला. कसुंबा वाळूत जिरला.

"खंगारा, हाच गेला तर विहिरीवर मी भांडू कुणाशी?"

सगळे हसले. मूलसिंह हसला नाही. भीमसिंहांच्या तळहातातून गुळाचं पाणी प्यायला.

पाहुण्यांना पोचवायला मंडळी बाहेर पडली, तसं त्याने मला खुंटीवरून काढलं, वाडग्यात भिजवलं आणि पिळलं. माझ्या धाग्याधाग्यांत मुरलेली वर्षानुवर्षांची अफू तपकिरी होऊन उतरली. मला ती धरून ठेवता आली नाही. वाडगा ओठांपाशी जाऊन थांबला.

"सुजान," त्याने हाक मारली, "हे माझ्या हातातून काढून घे. मला खाली ठेवता येत नाहीये."

तिने ते घेऊन वाळूत ओतलं. मला जाळायलाच निघाली होती, पण आईची आठवण म्हणून खंगारसिंहांनी मला पुन्हा इथे टांगलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शिकवतात. मला मात्र जपू नका. कुणीतरी मला चुलीत घाला. मूलसिंह रोज या खुंटीखालून जातो, आणि जाताना वर बघतो.