बिनसाखरेचा बार

गजाननरावांना वैशाखात इन्सुलिन सुरू झालं, आणि त्रेपन्नाव्या वर्षी त्यांना धावायचं वेड लागलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. हे पहाटे लष्करी छावणीच्या सावलीच्या रस्त्यांवर जाऊन चालता चालता धावायला लागले. महिनाभरात पोट आत गेलं, आणि कचेरीतले हिंदीभाषक लोक विचारायला लागले, गजाननजी, क्या खाते हो आजकल?

ते काय खातात यावर स्वातीचा डोळा असे. तो असायला कारणही होतं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यात नवरा तिच्याशी एकाच बाबतीत खोटं बोलला होता, गोड खाण्याच्या. कचेरीतून येताना जिलेबी खाऊन तोंड पुसून घरात शिरायचे. लक्ष्मी गेटच्या हलवायानंच एकदा तिला सहज सांगून टाकलं होतं, भाभीजी, भाईसाहब कल रबडी की तारीफ़ कर रहे थे. त्या दिवसापासून तिनं त्यांच्या शब्दावर विसंबणं सोडलं.

धावून आल्यावर अंगात त्राण राहत नाही, हे ते स्वतःच म्हणायला लागले. तिनं नचिकेतला विचारलं. मुलगा जिमला जाणारा, त्याला यातलं कळायचं. तो म्हणाला, "आई, लाडू-बिडू नको देऊस. बार मिळतात, एनर्जीवाले. पीछे पढ़के लेना, बस." स्वाती संध्याकाळी इलाइट चौराह्यावरच्या मुकेशच्या दुकानात गेली. चष्मा लावून तिनं एकेक पाकीट उलटं करून वाचलं. खजुराच्या बारमध्ये अठरा ग्रॅम साखर, तो परत ठेवला. शेंगदाणा-गुळाची चिक्की हातातसुद्धा घेतली नाही. ओट्स आणि मधाच्या बारची मुकेशनं फार तारीफ केली, जिमवाले हेच नेतात म्हणाला. तिनं मान हलवली. शेवटी बदामाचा एक बार सापडला. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, साखर नाही. तिनं डबाच उचलला. घरी येईपर्यंत तिला मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

त्याच आठवड्यात धुण्याला टाकताना त्यांच्या ट्रॅकपँटच्या खिशात टॉफ्या निघाल्या. चार टॉफ्या, आणि तीन रिकामे कागद. तिनं ते सगळं ताटाशेजारी नेऊन ठेवलं. गजाननराव ओशाळले नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरांनीच ठेवायला सांगितल्यात. धावताना हातपाय कापायला लागले तर एक तोंडात टाकायची."

"तुमचे डॉक्टर बरं सोयीचं सांगतात," स्वाती म्हणाली.

ते हसले आणि जेवायला लागले. डॉक्टरांना फोन करायचं तिच्या मनातही आलं नाही.

पुढच्या मंगळवारी, ज्येष्ठातल्या एका सकाळी, ते आंघोळीच्या मोरीत तोंड धुत होते तेव्हा तिनं खुंटीवरच्या पँटचे खिसे चाचपले. पुन्हा टॉफ्या होत्या. तिनं त्या काढून फडताळात ठेवल्या आणि त्यांच्या जागी बदामाचा बार सरकवला. गजाननरावांनी इन्सुलिन घेतलं, बिनसाखरेचा चहा घेतला आणि बाहेर पडले. न्याहारी नेहमीसारखी आल्यावर.

पावणेआठला त्यांच्या फोनवरून परका आवाज आला. छावणीतला एक जवान बोलत होता. बाबूजी बेंचवर पडलेले मिळालेत, उठत नाहीत, अस्पताल नेतोय. पुढे कळलं की ते तासाभराहून जास्त तिथं पडून होते. फिरायला येणाऱ्यांना वाटलं, धावून दमून झोपले असतील. त्यांच्या मुठीत अर्धा खाल्लेला बार होता. म्हणजे त्यांना कळलं होतं. खिशात हात घालून जे मिळालं ते त्यांनी खाल्लं होतं.

गजाननरावांचे नेहमीचे डॉक्टरच नचिकेतशी बोलले, स्वाती मागे उभी होती. रक्तातली साखर बावीसपर्यंत उतरली होती, इतका वेळ मेंदूला काही मिळालं नाही. या बारमध्ये साखरच नव्हती, त्याचा काय उपयोग होणार? साधी टॉफी असती खिशात, तरी घरी चालत गेले असते. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, ते म्हणाले.

नचिकेत भिंतीला टेकून खाली बसला. "बार मैंने बोला था, आई," तो म्हणाला. "मीच सांगितलं तुला."

स्वातीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

अकराव्या दिवशी गजाननरावांनी डोळे उघडले. पण ते डोळे कुणावर थांबत नव्हते. पाच आठवड्यांनी त्यांना घरी आणलं. चमच्यानं दिलं तर गिळायचे, कूस बदलून दिली तर तशीच ठेवायचे. डॉक्टर म्हणाले, यापुढे फार आशा धरू नका. नचिकेतनं जिम सोडली. ताटावर बसायचा आणि अर्ध्यावर उठायचा. ग्वाल्हेरची नोकरी हातात आली होती, ती नको म्हणून कळवून टाकतो म्हणाला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तोच सांगायचा, गलती मेरी थी. लोक त्याची समजूत काढायचे, आणि स्वाती चहा करायला आत जायची.

एका दुपारी त्यानं नोकरीवाल्यांना पत्र लिहायला घेतलं, तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"लिहू नकोस," ती म्हणाली. "त्यांच्या खिशात टॉफ्या होत्या. त्या दिवशी सकाळी मी काढल्या."

त्याला कळायला वेळ लागला. "तुला माहीत नव्हतं ना, कशाला होत्या?"

"माहीत होतं. त्यांनी सांगितलं होतं मला."

"फिर?"

"मला खोटं वाटलं."

नचिकेतनं आवाज चढवला असता तर तिला सोसलं असतं. तो उठला, वडिलांच्या खाटेशी गेला आणि त्यांच्या पायांवर हात ठेवून कितीतरी वेळ बसला. स्वाती जिथं होती तिथंच बसून राहिली. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरेल असं तिला वाटलं होतं. तो उतरला नाही. फक्त मुलाच्या छातीवर आता तो नव्हता, एवढं तिला दिसलं.

श्रावण लागताना तो ग्वाल्हेरला रुजू झाला. दर शनिवारी येतो. वडिलांची दाढी करतो, नखं काढतो, त्यांना उठवून बसवतो, शेजारी बसून हळू आवाजात आठवड्याभराचं सांगतो. स्वातीशी वागताना कुठं काही कमी करत नाही. औषधं आणतो, पाया पडून निघतो. फक्त तिच्याशी तो आता मराठीत बोलत नाही. हिंदीत बोलतो, आणि आप म्हणतो.