किटलीच्या कानातला किडा

बेकरीसमोरच्या मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कर्णबाबांनी बेकरीवाल्याच्या कानात चमकती नळी घातली आणि टेबलावरच्या स्क्रीनवर पांढरा किडा वळवळू लागला.

"सात पिढ्यांचा किडा आहे," बाबा म्हणाले. "तुझ्या पणजोबांना यानंच बहिरं केलं."

पणजोबांना ऐकू येत होतं की नाही हे बेकरीवाल्याला ठाऊक नव्हतं, तरी त्याने हात जोडले. बाबांनी मंतरलेलं कढत तेल कानात सोडलं. बेकरीवाला कळवळला. पुन्हा नळी आत. स्क्रीन लख्ख. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागे कानाच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. रांगेत त्यांचे सासरेही होते. या निवृत्त शिंपीबुवांना हल्ली कमी ऐकू यायचं, पण सुनेपुढे कान करायला ते राजी नव्हते. बाईंची कान तपासायची दुर्बीण मिणमिणायला लागली होती. नवी घेण्यासाठी त्या दुकानं पालथी घालत होत्या.

"तुझ्या दुर्बिणीला कधी किडा दिसलाय का?" सासरे म्हणाले होते. "घ्यायची तर बाबांसारखी घे."

तीच बघायला त्या आल्या होत्या.

आता शाळेतल्या मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या. पुन्हा किडा. तो डावीकडे वळला, थबकला, मग शेपूट उचललं. बेकरीवाल्याच्या किड्यानेही अगदी हेच केलं होतं. बेकरीवाल्याचा खानदानी किडा मास्तरीणबाईंच्या कानात काय करत होता? आणि बाबांचा अंगठा दर वेळी नळीवरच्या बटणावर का?

डॉक्टरीणबाई पुढे सरसावल्या. "बाबा, मलाही अशीच घ्यायची आहे. हातात घेऊन बघू?"

"बघा की. शेवटी विज्ञानालाही आमच्याकडेच यावं लागतं," बाबा फुशारले.

बाईंनी नळी सरळ टेबलावरच्या चहाच्या किटलीच्या तोटीत घातली आणि बटण दाबलं. किडा डावीकडे वळला, थबकला, शेपूट उचललं.

अख्खा मंडप स्क्रीनकडे सरकला.

"बाबा," सासरे म्हणाले, "किटलीलाही पणजोबा होते का?"

"चहातही दोष असतो," बाबा चाचरत म्हणाले.

"माझ्या किटलीत तेल ओतायचं नाही," चहावाल्याने बजावलं.

हशा पिकला. बाईंनी पुन्हा बटण दाबलं, तर तेलाशिवायच स्क्रीन लख्ख. "एकदा दाबलं की किड्याचा व्हिडिओ, पुन्हा दाबलं की स्वच्छ कानाचा. नळीच्या टोकाला नुसता दिवा आहे, कॅमेरा नाहीच."

बाबांची अचानक ध्यानाची वेळ झाली. पण ते उठायच्या आत बेकरीवाल्याने एका हाताने कान आणि दुसऱ्याने बाबांचा दंड घट्ट धरला.

बाईंनी मिणमिणती दुर्बीण काढली. सासऱ्यांनी मुकाट्याने कान पुढे केला. आत मळाचा काळा गोळा होता, किड्याचा पत्ता नव्हता.

"दुर्बीण अशी घ्यावी," बाई सगळ्यांना म्हणाल्या, "जी काही नसेल तिथं काहीच दाखवत नाही. माणसाचं बोलणंही असंच पारखून घ्या."

"मग आमच्या कानात आहे तरी काय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"बहुतेक मळ, आणि बाबांचं बोलणं. मळ मी काढते. दुसरं तुमचं तुम्हालाच काढावं लागेल."